एकच अट ठेवा, बाकीच्या नंतर

टंक (फॉन्ट) अमुक, आकार बारा, समास चारही बाजूंनी एक इंच, ओळींत दीडपट अंतर, संदर्भ तमक्या शैलीत, तक्ते वेगळ्या फाइलीत, आकृत्या आणखी वेगळ्या फाइलीत, आणि सगळं फक्त वर्डमध्ये. पीडीएफ पाठवल्यास विचार होणार नाही. शोधनिबंध मागवणाऱ्या नियतकालिकांच्या सूचना उघडा, थोड्याफार फरकानं हेच सापडेल. यातलं निबंध वाचायला काय लागतं? जवळजवळ काहीच नाही. छापायला लागतं. पण नाकारलेल्या निबंधाला छपाईचं तोंडच बघायचं नसतं, आणि तरी तोही आधी छपाईच्या साच्यात बसवून पाठवा, असा हा हट्ट आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. पहिल्या खेपेला लेखकाकडून एकच गोष्ट मागा, युनिकोडमधला, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणूनच ओळखता येईल असा मजकूर. फाइल वर्डची असो, लिबर ऑफिसची असो, गूगल डॉक्समधून उतरवलेली असो, उघडली आणि वाचता आली की बास. समास, शैली, तक्त्यांची मांडणी हे सगळं निबंध स्वीकारल्यावर. आणि ती एक अट मात्र कुणालाही सोडू नये, अगदी विभागप्रमुखांनासुद्धा. आज नेमकं उलटं चाललंय. फालतू अटी काटेकोर पाळून घेतल्या जातात आणि मुख्य अट कुणी तपासतही नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ग्रंथपाल आहे. ग्रंथपालाकडं पुस्तक मागायला येणारे कमी आणि ‘मॅडम, ही फाइल उघडत नाही’ म्हणत पेन ड्राइव्ह पुढं करणारे जास्त, असे हे दिवस. येणारे कोण? जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता शिकवता पीएच.डी.ला नाव घातलेले गुरुजी, तासिका तत्त्वावर राबणारे सर, लग्नानंतर पुन्हा शिकायला लागलेली एखादी ताई. विषय कापूस, बचतगट, पेसा कायद्यातली ग्रामसभा, झाडीपट्टीची नाटकं, कोलामांचे विधी. म्हणजे जे इथं बसूनच लिहिता येतं आणि दुसरं कुणी लिहिणार नाही, असे विषय.

यांच्या लिखाणाचा रस्ता ठरलेला आहे. वहीत लिहायचं, तहसील कचेरीसमोरच्या डीटीपीवाल्याकडं द्यायचं, प्रूफ तपासायचं, पुन्हा द्यायचं. डीटीपीवाला तुळशीच्या लग्नानंतर लग्नपत्रिकांत बुडालेला, निवडणूक लागली की पत्रकांत, आणि उरल्यासुरल्या वेळात प्रबंध. त्याच्या संगणकावर पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर पेजमेकर आणि टंक कृतिदेव. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. युनिकोड देवनागरी तिच्या गावीही नाही. त्याला म्हणावं, दादा, युनिकोडमध्ये करून द्या, तर तो म्हणतो, “मॅडम, याले युनिकोडमधी कराचं म्हनजे सारं पुन्हा वाचा लागते. टाइप कराले लागला त्याच्याहून जास्त टाइम त्याच्यात जाते.” तो खोटं बोलत नाही.

का लागतो एवढा वेळ, हे थोडं जवळून बघितलं पाहिजे, कारण विद्यापीठातल्या समित्यांवर बसणाऱ्या पुष्कळ मंडळींना वाटतं की रूपांतर म्हणजे एक बटण दाबायचं. कृतिदेवात मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. आत असतं इंग्रजी अक्षर, आणि टंक त्याला देवनागरीचं रूप देतो. ‘विदर्भ’ हाच शब्द घ्या. कृतिदेवात तो एफ, ओ, एन, कॅपिटल एच, के, कॅपिटल झेड अशा सहा खुणांचा असतो. एफ म्हणजे पहिली वेलांटी, ओ म्हणजे व, एन म्हणजे द, एच म्हणजे अर्धा भ, के म्हणजे त्याचा काना, आणि झेड म्हणजे रफार. कागदावर डावीकडून जे आधी दिसतं ते आधी, म्हणून वेलांटी सगळ्यात पुढं आणि रफार सगळ्यात शेवटी. युनिकोड मात्र उच्चाराच्या क्रमानं साठवतो. आधी व, मग वेलांटी, मग द, मग पाय मोडलेला र, मग भ. त्यामुळं रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला नुसती अक्षराला अक्षर अशी अदलाबदल करून भागत नाही. वेलांटी उचलून व च्या नंतर ठेवावी लागते, रफार उचलून भ च्या आधी. साध्या शब्दात हे जमून जातं. ‘वैशिष्ट्य’, ‘स्त्रियांच्या’, ‘दृष्टिकोन’ आले की वेलांटी भलत्याच्या गळ्यात पडते.

त्यातही आपल्या भागाच्या वाट्याला खास दुखणं आलंय. हिंदी डोळ्यापुढं ठेवून केलेल्या फुकटच्या रूपांतरकातून ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द अनेकदा ‘शेतकर्यांच्या’ होऊन बाहेर पडतो, कारण हिंदीला ऱ्य मधला तो आडवा र लागतच नाही. आणि यवतमाळ-अमरावतीकडच्या प्रबंधात हा शब्द किती वेळा येतो, हे वेगळं सांगायला नको. बरं, हातानं दुरुस्त केलं तरी संपलं नाही. हा आडवा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, दुसरा साध्या ‘र’ला डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. फाइलीत साधा शोध घेतला की एक सापडतो, दुसरा निसटतो. प्रकरण तीनमधले शेतकरी सापडले आणि प्रकरण पाचमधले गायब, ही थट्टा वाटेल, पण असं होतं.

आता हा नुसता शुद्धलेखनाचा प्रश्न आहे असं समजून कुणी पान उलटणार असेल तर जरा थांबावं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २००९ च्या नियमांत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या आयोगाच्या केंद्राची शोधगंगा, म्हणजे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, त्यासाठीच आहे. उद्देश चांगला. गडचिरोलीत झालेलं काम कोल्हापुरात बसून वाचता यावं. पण कृतिदेवातून केलेली पीडीएफ शोधगंगेवर चढली तर ती फक्त डोळ्यांनी वाचता येते. तिच्यात ‘ग्रामसभा’ शोधली तर काहीच हाती लागत नाही, कारण संगणकाच्या लेखी त्या पानांवर ग्रामसभा नाहीच, इंग्रजी अक्षरांचा भुसा आहे.

२०१८ साली आयोगानं वाङ्मयचौर्याचे नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही, त्यापुढं पायरीपायरीनं शिक्षा. २०१९ मध्ये शोधशुद्धी योजनेतून विद्यापीठांना तपासणीचं सॉफ्टवेअरही मिळालं. त्या सॉफ्टवेअरच्या पोटात कृतिदेवमधला प्रबंध घातला तर ते त्या भुशाची तुलना इंटरनेटवरच्या खऱ्या मराठीशी करणार. साम्य कुठून निघणार? दुसऱ्याच्या पुस्तकातलं पानंच्या पानं उतरवलेलं असलं तरी अहवाल स्वच्छ. आणि ज्या बिचारीनं इमानदारीनं युनिकोडमध्ये लिहिलं, कायद्याची कलमं आणि शासन निर्णयांची नावं जशीच्या तशी दिली, तिच्या अहवालात लाल रेघा. ज्या अटीवर तपासणीची सगळी इमारत उभी आहे, तीच अट आपण वाऱ्यावर सोडलेली आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आलंय. मराठी गद्याचा आरंभ जिथून सांगतात ते लीळाचरित्र तिथंच लिहिलं गेलं. पुढं महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी हात घातला तेव्हा कुठं ते भांडार बाहेरच्या वाचकाला खुलं झालं. महानुभावांना निदान कारण होतं. त्यांना ते ग्रंथ परक्यांपासून राखायचे होते. आपण काहीच लपवायचं नसताना विसाव्या शतकाच्या शेवटापासून आजपर्यंतचे मराठी प्रबंध एका सांकेतिक लिपीत भरून ठेवतो आहोत. इकडं गोंडीची मसराम लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये दाखल झाली. ज्या भाषेला राजदरबारी कुणी विचारत नव्हतं तिला जागा मिळाली आणि अभिजात मराठीचा पीएच.डी.चा प्रबंध अजून इंग्रजी अक्षरांच्या आडोशाला!

म्हणून युनिकोडची अट हवी, आणि ती कडक हवी. पीडीएफ आली तर तिच्यातला एक परिच्छेद उचलून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून बघायचा. मराठीच दिसली तर युनिकोड, इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसला तर कृतिदेव. मूळ वर्ड फाइलही त्याच रीतीनं तपासायची. काही सेकंदांचं काम आहे. एक सावधगिरी मात्र घ्यावी. युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमधूनही मराठी उचलली की जोडाक्षरं कधीकधी मोडून येतात, कारण पीडीएफ अक्षरांचे आकार जपते, मजकुराचा क्रम जपेलच असं नाही. म्हणून पीडीएफच्या सोबतीला मूळ फाइल मागावी, आणि निकाल द्यायचा तो मूळ फाइलीवरून.

आता उरलेल्या अटींकडं वळू.

१९७८ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरला वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक जमले. लेखकांना एकच निबंध दर नियतकालिकासाठी वेगळ्या रूपात करून पाठवावा लागू नये, म्हणून सगळ्यांनी मिळून एकसारखे नियम ठरवायचे, हा त्यांचा हेतू. संदर्भांची व्हँकुव्हर शैली तिथून आली. तेव्हा टंकलेखन यंत्रावर अख्खा निबंध पुन्हा बडवावा लागायचा. आज संगणक आहे, आणि तरी निबंध एका ठिकाणाहून परत आला की दुसरीकडं पाठवताना संदर्भ कंसातून काढून आकड्यांत टाका, आकड्यांतून काढून तळटीपांत टाका, हे चालूच आहे. व्हँकुव्हर हे त्या कवायतीतलं आणखी एका शैलीचं नाव होऊन बसलं.

बरं, एवढं सगळं करून लेखकानं बसवलेल्या समासांचं पुढं काय होतं? मोठ्या प्रकाशकांकडं निबंध स्वीकारला की त्याचं एक्सएमएल होतं. शीर्षक इथं, लेखक तिथं, संदर्भ पलीकडं, अशा खुणा लावून मजकूर सुटा केला जातो आणि मग त्यातून पीडीएफ, वेबपान, जे हवं ते निघतं. लेखकाचा टंक, त्याचं दीडपट अंतर, त्याचा एक इंचाचा समास हे सगळं त्या टप्प्यावर गळून पडतं. हे सुटं करण्याचं काम मोठ्या प्रमाणावर आपल्याच देशात, चेन्नई-पुदुच्चेरीकडच्या कंपन्यांत चालतं. म्हणजे आर्णीचा सर रात्र जागून जे बांधतो ते चेन्नईत कुणीतरी सोडवून फेकून देतो. एल्सव्हियरसारख्या बड्या, नफेखोरीसाठी शिव्या खाणाऱ्या प्रकाशकानंसुद्धा ‘युअर पेपर युअर वे’ म्हणत आपल्या अनेक नियतकालिकांत पहिल्या खेपेला कुठल्याही मांडणीतला निबंध घ्यायला सुरुवात केली. त्यांना जे परवडतं ते आपल्या विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या नियतकालिकांना का परवडू नये?

विज्ञान-अभियांत्रिकीवाल्यांची तऱ्हा वेगळी, पण त्रास तोच. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून शिकून आलेला एखादा मुलगा वर्डमध्ये लिहितो, नियतकालिक लाटेख मागतं, म्हणजे समीकरणांच्या मजकुरासाठीची वेगळीच फाइल-पद्धत. एका तऱ्हेची फाइल दुसऱ्या तऱ्हेत पालटणारं पॅनडॉक नावाचं एक फुकट साधन आहे. बर्कलीतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी ते २००६ पासून घडवलं. मजकूर आणि साधे तक्ते ते झकास पालटतं. पण जुन्या वर्डमधल्या समीकरण-संपादकात लिहिलेली समीकरणं म्हणजे निराळं त्रांगडं. तो संपादक मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०१८ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून काढूनच टाकला, तेव्हा जुनी समीकरणं दिसतात पण तिथं ती दुरुस्त करता येत नाहीत. आडवीउभी घरं जोडलेले तक्तेही रूपांतरात विस्कटतात. निबंध पुढं नाकारला गेला तर ही सगळी मेहनत पाण्यात.

या कवायतीवर एक धंदा पोसला जातोय, हे मला जास्त खुपतं. ‘सर, तुम्ही फक्त मॅटर द्या. फॉरमॅटिंग, पब्लिकेशन, सर्टिफिकेट सगळं आमच्याकडं’ असे निरोप व्हॉट्सॲपवर फिरतात. प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलेला असलाच पाहिजे ही आयोगाच्या २०१६ च्या नियमांतली सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली. आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली. दलाल कुठं बंद झाला? बढतीसाठी निबंध लागतातच. आणि पोर्टलवर बारा रकाने, पाच वेगळ्या फाइली, त्यात संध्याकाळी वीज गेलेली, मोबाइलचं नेट गच्चीवर जाऊन पकडायचं, अर्ज अर्धा भरला की पोर्टल पहिल्या पानावर आणून सोडतं. कंटाळलेला माणूस म्हणतो, जाऊ द्या, देऊन टाकू पैसे. साचा जितका किचकट तितका दलाल आवश्यक. निबंधाच्या मजकुरात दलालाला काही कळत नाही. त्याची सगळी कमाई साच्यावर आहे. साचा पुढं ढकला, त्याचं दुकान निम्मं उठतं.

संपादकांची बाजू मला माहीत नाही असं नाही. मराठी नियतकालिकांचे बहुतेक संपादक बिनपगारी आहेत, त्यांच्याकडंही एकच ऑपरेटर आहे, आणि प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं पाठवलं तर अंक जुळवताना त्यांची दमछाक होते. मान्य. पण ती दमछाक अंकात जाणाऱ्या निबंधांची आहे, आणि त्यांच्याकडून नंतर हवी तशी फाइल मागून घेता येते. निवड झालेला लेखक ती आनंदानं करून देईल. त्याला आता माहीत असतं की हे फुकट जाणार नाही. परीक्षकाला लेखकाचं नाव कळू नये म्हणून नाव काढलेली प्रत मागणं हे रास्तच. ती अट वाचण्याशी संबंधित आहे, आणि फाइलीच्या गुणधर्मांत दडलेलं नाव कसं पुसायचं तेही नीट शिकवलं पाहिजे. तक्त्यातले आकडे चित्र म्हणून चिकटवू नका, हेही रास्त. परीक्षकाला आकडे पडताळायचे असतात. टंकाच्या आकाराला असं कुठलंच कारण सांगता येत नाही.

‘ज्याला साध्या सूचना पाळता येत नाहीत तो संशोधन काय करणार’ असं एक वाक्य चर्चासत्रांत हमखास ऐकू येतं, बहुधा ज्यांची फाइल दुसरं कुणी करून देतं अशांच्या तोंडून. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या स्त्रियांच्या आजारांवर लिहिलेला निबंध १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकानं छापला, आणि स्त्रियांच्या आरोग्याकडं बघण्याची जगाची नजर त्यानं बदलली. तेव्हा पोर्टल नव्हतं. त्या निबंधाचं वजन त्यातल्या बायकांच्या तपासणीत होतं. आज तसं काम करणारी एखादी परिचारिका वा आशाताई आपली निरीक्षणं लिहून पाठवू बघेल तर पहिल्या पानावरच तिला समासाची चूक दाखवून परत धाडायचं का?

राहिला प्रश्न युनिकोडच्या त्या एका अटीचा. ती कडक ठेवा म्हणताना तिचा भार पुन्हा गुरुजींच्या आणि ताईंच्या डोक्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. नव्या लिखाणाचं सोपं आहे. डीटीपीवाल्याची बोटं रेमिंग्टनच्या, म्हणजे जुन्या टंकलेखन यंत्राच्या, कळफलकावर बसलेली असतात, आणि युनिकोडसाठीही रेमिंग्टन कळफलक मिळतो. बोटं तीच, टायपिंगचा वेग तोच. फक्त प्रबंध पेजमेकरऐवजी वर्डमध्ये किंवा लिबर ऑफिसमध्ये करायचा; लग्नपत्रिका राहू द्या पेजमेकरात, तिला कोण वाङ्मयचौर्य तपासायला बसलंय! मुक्तासारखे देखणे युनिकोड टंक फुकट मिळतात. अमरावती, नागपूर, गोंडवाना या तिन्ही विद्यापीठांनी नोंदणीच्या वेळीच ‘प्रबंध युनिकोडमध्येच घेतला जाईल’ असं लेखी द्यावं आणि तालुक्यातालुक्यातल्या डीटीपीवाल्यांना बोलावून एक दिवसाचं शिबिर घ्यावं. मार्गदर्शकांची शिबिरं पुष्कळ झाली. ज्याच्या हातून प्रबंध प्रत्यक्ष उतरतो त्याला आजवर कुणी चहालाही बोलावलं नाही.

जुन्याचं काम अवघड आहे. कपाटातल्या प्रबंधांच्या मागच्या पुठ्ठ्याला सीडीचा खिसा असतो, सीडी चालत नाही, चाललीच तर तिच्यात पेजमेकरची फाइल निघते. बऱ्याचदा चालू प्रत एकाच ठिकाणी असते, डीटीपीवाल्याच्या जुन्या हार्ड डिस्कवर. ती त्याच्याकडून, लेखकाची संमती घेऊन आणि त्याला मोबदला देऊन, विद्यापीठानं आत्ताच मिळवली पाहिजे. मग रूपांतर यंत्रानं आणि वाचन माणसानं. माणसं कुठून आणायची? नव्या शैक्षणिक धोरणात एम.ए.च्या मुलांना प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी चार श्रेयांक (क्रेडिट) आहेत, आणि मराठीच्या मुलांना नेमकं कुठं पाठवायचं यावर विभागांत डोकं खाजवणं चालू असतं. त्यांना हे प्रबंध वाचायला द्या. कृतिदेवातून निघालेला एकेक प्रबंध ओळीओळीनं तपासणाऱ्या मुलाला जोडाक्षरं कळतील, रफार कळेल, आपल्या तालुक्यावर आधी कुणी काय लिहून ठेवलंय तेही कळेल. त्याचे श्रेयांक, ऑपरेटरचा मोबदला आणि एका साध्या संगणकाचा खर्च, एवढीच तरतूद लागते, आणि ती करण्यासाठी आयोगाच्या परिपत्रकाची वाट बघावी लागत नाही; विद्यापीठाची विद्या परिषद तिच्या पुढच्या बैठकीत हा विषय घेऊ शकते.